अक्षर लिहिले, पण पोचले का?

सी भाषेच्या पाठ्यपुस्तकात ‘पुटचार’ या फंक्शनच्या वाट्याला बहुधा दोन-तीन ओळी येतात. पडद्यावर एक अक्षर लिहिण्यासाठी हे वापरतात, एवढे सांगून पुस्तक पुढे जाते आणि आम्ही शिक्षकही त्याच्यामागून जातो. ही घाई मला महागात पडली आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, माठातले पाणी रात्रभरात कसे थंड होते हे मोजायचे आम्ही ठरवले. मुलांनी तापमानाचा संवेदक संगणकाला जोडला. दर मिनिटाला एक निरीक्षण, समजा २७.४, आणि शेवटी नव्या ओळीची खूण. म्हणजे प्रत्येक वेळी पाच अक्षरे. ती पुटचारनेच लिहिली जात होती. संध्याकाळी पडद्यावर आकडे वेळच्या वेळी उमटताना पाहिले. मग आज्ञावलीत काहीही न बदलता तिचे लेखन पडद्याऐवजी फाइलकडे वळवले आणि रात्री नऊला घरी गेलो. पहाटे पाचला वीज गेली. सकाळी पाहतो तो फाइल रिकामी! ४८० निरीक्षणांपैकी एकही नाही.

मुलांनी विजेला दोष दिला. पण आधीचे आठ तास तर वीज होती. मग ती निरीक्षणे होती कुठे?

पुटचार अक्षर थेट चकतीवर नेत नाही. ते स्मृतीतल्या एका राखीव जागेत, म्हणजे बफरमध्ये, ठेवते. आपल्याकडची वडापची जीप आठवा. तुम्ही आत बसलात म्हणजे गावाला पोचलात असे नाही. सगळ्या जागा भरल्याशिवाय चालक गाडी हलवत नाही. आमच्या संगणकावर फाइलसाठीच्या या जीपमध्ये ४०९६ अक्षरांची जागा होती. आमची अक्षरे झाली ४८० गुणिले ५, म्हणजे २४००. जीप अड्ड्यावरच उभी होती! पडद्यासाठी मात्र नियम वेगळा असतो. तिथे नव्या ओळीची खूण आली की गाडी सुटते. म्हणून संध्याकाळची चाचणी आम्हांला फसवून गेली.

बफर ही खोड नव्हे. चकतीवर लिहिणे हे स्मृतीत लिहिण्याच्या मानाने फार सावकाशीचे काम आहे. एकेका अक्षरासाठी ती खेप करणे परवडत नाही. पण न भरलेली गाडी सोडण्याचा हुकूमही सी भाषेत आहे, त्याचे नाव ‘एफफ्लश’. दर निरीक्षणानंतर तो दिला असता, तर फार तर शेवटची काही निरीक्षणे गेली असती; कारण पुढे संगणकाची कार्यप्रणालीही अक्षरे थोडा वेळ स्वतःजवळ ठेवते.

आणखी एक गोष्ट. पुटचार उत्तर देते, हे किती जणांना ठाऊक आहे? काम झाले तर लिहिलेल्या अक्षराचाच अंक परत येतो. बिघडले तर ‘ईओएफ’ ही ऋण संख्या, बहुधा उणे १. ते उत्तर आपण वाचतच नाही. शिवाय त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘जीपमध्ये बसवले’ इतकाच असतो. चकती भरलेली असेल, तर ते गाडी सुटताना कळते. म्हणून एफफ्लशचे आणि फाइल बंद करणाऱ्या ‘एफक्लोज’चे उत्तरही तपासायला हवे. ही दोन्ही काम झाल्यावर शून्य देतात.

शिक्षकबंधू म्हणतील, नवख्या मुलांवर एवढे ओझे कशाला? मला हे ओझे वाटत नाही. प्रयोगशाळेत आपण तापमापकाची शून्यत्रुटी पहिल्याच तासाला तपासायला लावतो. मग संगणकाचाच शब्द न तपासता का मानायचा? परीक्षेत ‘पुटचार आणि प्रिंटएफ यांतील फरक लिहा’ असे विचारण्याऐवजी, ‘या ओळीनंतर अक्षर कुठे आहे?’ असे विचारून पाहा.

तुम्हांला स्वतः पाहायचे असेल तर लिनक्स असलेल्या संगणकावर पुटचारने एक अक्षर लिहा, ‘स्लीप’ने दहा सेकंद थांबा आणि मग नव्या ओळीची खूण लिहा. दहा सेकंद पडदा कोराच राहील. आता स्लीपच्या आधी एफफ्लश घाला आणि पुन्हा पाहा.

आमचा माठाचा प्रयोग सुट्टी लागल्यामुळे वर्षभर लांबला. पुढच्या मे महिन्यातही वीज गेलीच, पण या खेपेस फाइलमध्ये पहाटेपर्यंतचे आकडे होते. आधीच्या वर्षीची मुले मात्र तोवर महाविद्यालय सोडून गेली होती.