लॉजिस्टिक्स मिळालं नाही म्हणून डाव मोडायचा?

परवा नातवाने सलग चौथ्यांदा एकच नकाशा पहिल्यापासून सुरू केला. खेळ म्हणजे आमच्या घरातला जुनापुराणा ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’. (हो मंडळी, मीही खेळते. निवृत्तीनंतर गुडघे गेले, डोळे शाबूत आहेत. हसू नका.) त्याचा नायक ऑरिन तिसऱ्या लेव्हलला पोचला आणि पडद्यावर दोन चौकोन आले. एकात ॲडव्हान्स्ड लीडरशिप, दुसऱ्यात बेसिक नॅव्हिगेशन, म्हणजे नौकानयन. नकाशात समुद्र औषधालाही नाही! पठ्ठ्याने रागारागाने डाव बंद केला. “आजी, लॉजिस्टिक्स येतच नाही गं. फालतू नशीब!”

पुतण्या शेजारी चहा पीत बसला होता. तो म्हणाला, “बरोबर आहे त्याचं, काकू. ही त्या खेळातली खोटच आहे. कौशल्य ज्याचं त्याने निवडावं, तिथे फासे कशाला?” तेव्हा पाहुण्यांसमोर गप्प बसले. आज बोलते.

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा भाग १९९९ साली आला. तुम्ही चाल खेळायची, मग प्रतिस्पर्ध्याने, असा बुद्धिबळासारखा पाळीपाळीचा मामला. तुमच्या सैन्याचा एक नायक असतो. लढाया जिंकल्या की त्याची लेव्हल वाढते आणि दर लेव्हलला दोन गोष्टी होतात. पहिली, हल्ला, बचाव, मंत्रशक्ती आणि ज्ञान या चार मूळ गुणांपैकी एक गुण एकाने वाढतो. तो कोणता, हे खेळ ठरवतो. दुसरी, दोन कौशल्यं समोर येतात, त्यातलं एक तुम्ही घ्यायचं. एकूण कौशल्यं २८, नायकाच्या झोळीत जागा फक्त ८ आणि प्रत्येकाच्या पायऱ्या तीन: बेसिक, ॲडव्हान्स्ड, एक्स्पर्ट. लॉजिस्टिक्स सगळ्यांना हवं, कारण त्याने जमिनीवरची चाल १०, २०, ३० टक्क्यांनी वाढते. असो.

आता पुतण्याच्या ‘फाशां’कडे वळू.

फासा सहाही बाजूंना सारखा असतो. हा फासा तसा नाही. ऑरिन जातीचा नाइट. नवव्या लेव्हलपर्यंत नाइटचा हल्ला वाढण्याची शक्यता ३५ टक्के, बचाव ४५, मंत्रशक्ती आणि ज्ञान प्रत्येकी १०. म्हणजे दुसऱ्यापासून नवव्या लेव्हलपर्यंतच्या आठ वाढींपैकी सरासरी सहाहून अधिक शस्त्राच्या बाजूला जाणार. बार्बेरियनचे आकडे ५५, ३५, ५, ५. विझार्डचे नेमके उलटे: १०, १०, ४०, ४०. कौशल्यांनाही असंच वजन आहे. नाइटला नेक्रोमन्सी, म्हणजे मेलेले उठवायची विद्या, लेव्हल वाढताना कधीच देऊ केली जात नाही, तिचं वजन शून्य. तेव्हा ज्याला तुम्ही नशीब म्हणता, तो स्वभाव आहे. थोडा डळमळीत, पण स्वभावच.

दुसरा मुद्दा निवडीचा. दोन चौकोनांपैकी एक साधारणपणे असलेलं कौशल्य वाढवणारा असतो आणि दुसरा नवीन. इथे डोकं लागतं! नवीन घेतलं की आठातली एक जागा कायमची गेली. जुनं वाढवलं तर जागा राहते. आणि हातातली सगळी कौशल्यं एक्स्पर्ट झाली की दोन्ही चौकोन नवीन येतात. ऑरिन येतो तो लीडरशिप आणि आर्चरी ही दोन बेसिक कौशल्यं घेऊन. ती दोन्ही एक्स्पर्ट करायला चार लेव्हल पुरतात. म्हणजे सहाव्या लेव्हलला दोन्ही चौकोन नवे, लॉजिस्टिक्स दिसण्याची संधी जवळजवळ दुप्पट. माझ्या नातवाने चार डाव मोडले, पण एकदाही सहाव्या लेव्हलपर्यंत पोचला नाही. याला नशीब काय करणार?

तिसरा मुद्दा हमीचा. विजडम हे कौशल्य नसेल तर तिसऱ्या पातळीपासून वरचे मंत्र शिकता येत नाहीत. इतकी महत्त्वाची गोष्ट खेळाने निव्वळ योगायोगावर सोडलेली नाही. मंत्रवाल्या नायकांना दर तीन लेव्हलमध्ये आणि शस्त्रवाल्यांना दर सहा लेव्हलमध्ये एकदा तरी विजडम समोर येतंच. घ्यायचं की नाही, तुमची मर्जी.

पुतण्याचं म्हणणं, सहाव्या भागात हे सगळं काढून मोकळी निवड दिली. खरं आहे, २०११ साली दिली. मग झालं काय? ज्याला सगळं निवडता येतं तो एकदाच विचार करतो आणि पुढच्या प्रत्येक डावात तीच यादी गिरवतो. आमच्या शाळेत निबंधाचं गाइड आल्यावर चाळीस मुलांचा ‘माझा आवडता ऋतू’ एकाच पावसात भिजायचा, तसं. २०१५ च्या सातव्या भागात डाव सुरू करताना दोन्ही पद्धतींची सोय ठेवावी लागली, यातच काय ते आलं. नॅव्हिगेशन समोर आल्यावर जो विचार करावा लागतो, तोच खेळ आहे. बाकी नुसतं टिचक्या मारणं.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही भांडते, नाहीतर पक्षपात होईल. हा लेख लिहितेय म्हटल्यावर एक ब्लॉगमैत्रीण म्हणाली, “छानच! आयुष्यही असंच असतं, मिळेल ते मुकाट्याने घ्यावं.” नाही हो बाई! हे मी अजिबात म्हणत नाहीये. नशिबाचा खेळ न्याय्य ठरतो तो चार अटींवर. वजनं आधी ठरलेली हवीत, एका जातीच्या सगळ्या नायकांना तीच हवीत, समोर खरी निवड हवी आणि महत्त्वाच्या गोष्टीची हमी हवी. यातली एक अट काढा, की नातवाची तक्रार रास्त. म्हणूनच या खेळावर माझा एक राग आहे: ही कोष्टकं खेळताना पडद्यावर कुठेच दिसत नाहीत. गुणदान योजना लपवून ठेवून परीक्षा घेण्यातला हा प्रकार.

आणि आयुष्याचं म्हणाल तर ऐका. मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. आठवीत एक मुलगा वीटभट्टीवरून यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. वक्तृत्व स्पर्धेसाठी नावं द्यायची वेळ आली की माझी नजर त्याच्यापर्यंत जायचीच नाही. हा अंगमेहनतीचा, याला भाषण कसलं, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. बार्बेरियनचं ज्ञान, ५ टक्के! फरक इतकाच, की खेळातल्या बार्बेरियनलाही मंत्रशक्ती-ज्ञानाची संधी दर लेव्हलला ५ टक्के का होईना मिळते आणि दहाव्या लेव्हलपासून ती प्रत्येकी २० टक्के होते. खेळाला कळतं की माणूस वाढला की त्याचा साचा सैल करायचा असतो. मला कळलं नाही. तीन वर्षं तो माझ्या वर्गात होता, तीनही वर्षं मी त्याला शून्य वजन दिलं. पुढे एका ग्रामसभेत तो पाण्याच्या प्रश्नावर बोलताना ऐकला. हातात कागद नाही, एक शब्द अडला नाही. मी मागच्या खुर्चीत बसून होते. सभा संपल्यावर पाया पडायला आला, तेव्हा काय बोलावं ते मलाच सुचेना.

त्याच्या वाट्याला आलं ते नशीब नव्हतं. ती माझी लपवलेली कोष्टकं होती. म्हणून ‘आयुष्य असंच असतं’ कुणी म्हटलं की मी आधी विचारते, वजनं कुणी ठरवली?

खेळात ती ठरवणाऱ्यांनी बरीच सचोटी दाखवली, म्हणून मी त्या खेळाच्या बाजूने. पुतण्याला हे वाचून राग आला तर त्याने फोन करावा, चहा तयार ठेवते. आणि नातवाला एवढंच: बाळा, पाचव्यांदा डाव मांडशील तेव्हा लीडरशिप आणि आर्चरी एक्स्पर्ट होईपर्यंत दम धर. सहाव्या लेव्हलला मला हाक मार. दोघं मिळून बघू काय येतंय ते. आणि नॅव्हिगेशनच आलं, तरी संगणक बंद करायचा नाही.