विमान कंपनीला बोली लागली, पण पगार मिळाला का? गो फर्स्ट आणि जेटची गोष्ट

वसई : पहाटेची विरार लोकल पकडून अंधेरीला उतरायचं आणि तिथून विमानतळावर ड्युटीला जायचं, अशी कितीतरी पोरं-पोरी आपल्या भागात आहेत. कोणी लोडर, कोणी टेक्निशियन, कोणी काउंटरवर, कोणी केबिन क्रू. त्यामुळे विमान कंपनी आजारी पडली की बातमी मुंबई-दिल्लीची असते, पण झळ वसई, नालासोपारा, विरारमधल्या घरांना बसते. मग मोबाईलवर मेसेज फिरतो, 'दोन मोठ्या पार्ट्या कंपनी घ्यायला तयार आहेत.' घरच्यांना जरा हायसं वाटतं. गो फर्स्टच्या वेळीही असंच झालं होतं. पुढे काय झालं ते बघू.

वाडिया समूहाची ही स्वस्त तिकिटांची कंपनी 2005 मध्ये गोएअर नावाने सुरू झाली. 2021 मध्ये नाव बदलून गो फर्स्ट झालं. ताफ्यातली बरीचशी विमानं प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कंपनीच्या इंजिनांवर चालायची. इंजिनं नादुरुस्त, बदली इंजिनं वेळेवर मिळेनात, म्हणून जवळपास निम्मी विमानं जागेवर उभी, असं गो फर्स्टचं म्हणणं होतं. इंजिन कंपनीने हा आरोप मान्य केला नाही. 2 मे 2023 रोजी गो फर्स्टने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं बंद. बँकांचं कर्ज तेव्हा साडेसहा हजार कोटींच्या आसपास होतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये दोन बोली आल्या. एक स्पाइसजेटचे अजय सिंग आणि बिझी बी एअरवेज यांची मिळून. बिझी बी म्हणजे ईझमायट्रिपवाले निशांत पिट्टी. दुसरी बोली शारजाच्या स्काय वन एअरवेजची. सिंग यांची बोली साधारण सोळाशे कोटींची असल्याच्या बातम्या होत्या. साडेसहा हजार कोटींच्या कर्जापुढे सोळाशे कोटी! बँकांनी आकडा वाढवा म्हणून सांगितलं. गंमत म्हणजे अजय सिंग यांची स्वतःची स्पाइसजेट तेव्हा पैशासाठी धडपडत होती.

पण खरी अडचण पैशाची नव्हती, विमानांची होती. गो फर्स्टची विमानं भाड्याची. मालक परदेशी कंपन्या. दिवाळखोरी सुरू झाली की कायद्याने वसुलीला स्थगिती मिळते, त्यामुळे मालकांना आपलीच विमानं नेता येईनात. ते दिल्ली हायकोर्टात गेले. मध्येच ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्र सरकारने विमानं आणि इंजिनं या स्थगितीतून वगळली. शेवटी 26 एप्रिल 2024 रोजी हायकोर्टाने 54 विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं. आता विकत घ्यायला उरलं काय? नाव आणि इंजिन कंपनीवर ठोकलेला दावा. विमानतळावरच्या उड्डाणांच्या वेळा तर आधीच दुसऱ्या कंपन्यांना वाटल्या होत्या. महिन्याभरात पिट्टी यांनी माघार घेतली आणि 20 जानेवारी 2025 रोजी न्यायाधिकरणाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला.

बंदरावर म्हावऱ्याची बोली लागते ना, तसंच हे. उशीर झाला की भाव उतरतो, आणि बर्फ वितळल्यावर घेणारा हात लावत नाही.

जेट एअरवेजचं याहून वाईट झालं. 17 एप्रिल 2019 ला शेवटचं उड्डाण. 2020 मध्ये तिथेही दोन गटांत चुरस होती. जालान-कालरॉक गट जिंकला, जून 2021 मध्ये योजना मंजूरही झाली. जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्मचाऱ्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी द्यावीच लागेल हा निर्णय कायम ठेवला. पण ठरलेले पैसे वेळेत आले नाहीत आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टानेच जेट मोडीत काढायला सांगितली. बोली जिंकूनही एकही प्रवासी विमान पुन्हा उडालं नाही.

मग एअर इंडिया कशी वाचली? 2021 मध्ये टाटांची बोली 18 हजार कोटींची, तर अजय सिंग यांच्या गटाची 15,100 कोटींची. फरक एवढाच की तिथे कंपनी बंद पडली नव्हती, विमानं उडत होती. म्हणून सरकारला एक वर्ष कोणाला कामावरून काढायचं नाही अशी अट घालता आली. बंद पडलेल्या कंपनीसाठी अशा अटी घालायला ताकद कोणाकडे असते?

आता आपल्या कामाचं. कंपनी मोडीत निघाली की आधी या प्रक्रियेचा खर्च वळता होतो. नंतर कामगारांचा 24 महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि तारणवाल्या बँका एका रांगेत. कामगार या व्याख्येत न बसणारे बाकीचे कर्मचारी त्यांच्या मागे, तेही 12 महिन्यांपुरते. आणि हे महिने मोडीत काढण्याच्या तारखेपासून मागे मोजतात. म्हणजे बोलीचा घोळ जितका लांबतो, तितका जुना पगार या मुदतीच्या बाहेर जातो. ज्या काळात 'पार्टी येतेय' म्हणून आपण थांबतो, नेमकं तेव्हाच हे होत असतं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातले पैसे मात्र या वाटणीत येत नाहीत. म्हणून कंपनी चालू असतानाच दर महिन्याला पीएफचं पासबुक मोबाईलवर बघा, पैसे खरंच जमा होतात का.

थकबाकीचा दावाही स्वतःच करावा लागतो. कंपनी दिवाळखोरीत गेली की जाहीर नोटीस निघते, ठरावीक मुदतीत फॉर्म भरायचा असतो. सोबत पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट. कंपनीचा ईमेल बंद पडला की त्यातल्या स्लिपाही गेल्या, तेव्हा आधीच काढून ठेवा.

आणि लोडिंग, साफसफाई, ट्रॉलीच्या कामावरच्या पोरांनी नेमणुकीच्या पत्रावर नाव कोणाचं आहे ते आजच बघावं. अंगावर विमान कंपनीचं जॅकेट असलं तरी बऱ्याचदा नोकरी ठेकेदाराकडे असते. तेव्हा पगार मागायचा तो आधी त्या ठेकेदाराकडे. आणि तो ठेकेदार स्वतः विमान कंपनीच्या देणेकऱ्यांच्या रांगेत पार शेवटी उभा असतो.