आऊट ऑफ फोकस, पण सही!

परवा रविवारी फोनची मेमरी फुल्ल झाली म्हणून फोटो डिलीट करत बसले होते. हललेला? उडव. अंधारा? उडव. ब्लर? आधी उडव! शंभरेक फोटो गेले असतील... आणि सहज भिंतीवरच्या पोस्टरकडे लक्ष गेलं. 'लंडन कॉलिंग'. कॉलेजपासून माझ्या प्रत्येक रूमवर हे पोस्टर असतंच. आणि यार, तो फोटोही चक्क आऊट ऑफ फोकस आहे!

किस्सा असा. सप्टेंबर १९७९, न्यूयॉर्कचं पॅलेडियम. स्टेजवर लंडनचा पंक बँड 'द क्लॅश', एकदम फॉर्मात. पण पब्लिकला काही केल्या खुर्चीतून उठू देत नव्हते. बेसिस्ट पॉल सिमोनन जाम वैतागला. त्याने बेस गिटार उलटी धरली, कुऱ्हाडीसारखी उगारली आणि दाणकन स्टेजवर आपटली! स्टेजच्या कडेला फोटोग्राफर पेनी स्मिथ उभी होती. हा बाबा आपल्याच दिशेने येतोय म्हटल्यावर ती मागे सरकली, आणि सरकता सरकता क्लिक! फोकस करायला वेळ होताच कुठे?

कव्हरसाठी फोटो निवडायची वेळ आली तेव्हा पेनीबाईंनी साफ नकार दिला. ब्लर आहे, नको! पण गायक जो स्ट्रमर आणि डिझायनर रे लोरी अडूनच बसले: हाच हवा. लोरीने त्यावर एल्व्हिसच्या १९५६च्या पहिल्या अल्बमसारखी गुलाबी-हिरवी अक्षरं टाकली. डिसेंबर १९७९मध्ये अल्बम आला. पुढे २००२मध्ये 'क्यू' मासिकाने याच फोटोला रॉक अँड रोलचा सर्वोत्तम फोटो ठरवलं, आणि २०१०मध्ये ब्रिटनच्या टपाल तिकिटावरही हे कव्हर झळकलं.

म्हणजे बघा, फोटो काढणारीला त्यातली चूक दिसली. ज्यांचा तो क्षण होता, त्यांना त्यातला राग दिसला.

मी उठून फोनचा ट्रॅश उघडला. माझ्या बेस्ट फ्रेंडच्या बँडचा शेवटचा गिग. गेल्या महिन्यात तो कॅनडाला गेला, बँडही संपला. मी ठेवलेल्या शार्प फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघून गोड हसताहेत. उडवलेल्या फोटोत तो डोळे मिटून ड्रम्स बडवतोय, हात तर धुरासारखे दिसताहेत. दोन्ही पाठवले. पाच मिनिटांत रिप्लाय: "दुसरा! हा कुठे लपवला होतास?"

तर मंडळी, डिलीट दाबण्याआधी फोटोतल्या माणसाला एकदा विचारा. काय?