एसीच्या वायरला परवाना, गॅसला का नाही?

हिंजवडीत नव्या ऑफिसमध्ये एसी प्लांट बसतो, तेव्हा वीजजोडणीवर देखरेख करणाऱ्याकडे राज्य सरकारचं सक्षमता प्रमाणपत्र लागतं. बोलीत सुपरव्हायझर लायसन्स. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे नियमच तसे आहेत: काम परवानाधारक कंत्राटदाराचं, तेही अशा पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली.

मग त्याच एसीच्या तांब्याच्या पाइपचं काय? ब्रेझिंग, नायट्रोजन भरून गळतीची चाचणी, व्हॅक्युम, गॅस चार्जिंग, यासाठी असा परवाना नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण तो केलेलाच माणूस हवा अशी सक्ती नाही. (माझ्याकडे इंजिनीअरिंगची पदवी आहे, ब्रेझिंगचा टॉर्च मी कधी धरलेला नाही. तरी उद्या हे काम घेतलं तर मला अडवणार कोण?)

आर-22 च्या काळात हे खपून गेलं. तो गॅस सहसा पेटत नव्हता. आता सर्रास वापरला जाणारा आर-32 सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-290 म्हणजे चक्क प्रोपेन. 2019 च्या इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये 2022-23 पर्यंत 1 लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. चांगलंच आहे, पण वायरिंगवर जशी जबाबदार पर्यवेक्षकाची सही लागते, तशी गॅसच्या कामावरही सक्तीची हवी. तोवर एसी बसवायला आलेल्याला एवढं विचारा: व्हॅक्युम पंप आणलाय का? नसेल तर काम थांबवा.