नकाराचे वाचन

देवाला कौल लावणे ही कोकण-गोव्याकडील जुनी रीत आहे. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवी पाकळी पडते की डावी, ते पाहायचे. मनाविरुद्ध कौल मिळाला तर भाविक खट्टू होतो, क्वचित प्रश्न बदलून पुन्हा विचारतो. पण देवाला प्रश्नच कळला नाही, असे म्हणत नाही. लोकशाहीत जनतेचा कौल घेणाऱ्यांना मात्र हे पथ्य फारसे पाळता आलेले नाही.

युरोपीय संघाचे उदाहरण घेऊ. २००५ साली फ्रान्स आणि नेदरलँड्स या दोन देशांच्या मतदारांनी संघाची प्रस्तावित राज्यघटना फेटाळली. मग तिच्यातील बराचसा आशय लिस्बनच्या करारात आला आणि या वेळी त्या दोन्ही देशांत सार्वमतच घेतले गेले नाही. आयर्लंडला ते घ्यावे लागले. १२ जून २००८ रोजी तेथील ५३.४ टक्के मतदारांनी नकार दिला. त्यानंतर करनीती, लष्करी तटस्थता आणि आयोगातील प्रतिनिधित्व यांविषयी काही हमी देऊन २ ऑक्टोबर २००९ रोजी तोच करार पुन्हा मतदानास ठेवण्यात आला, आणि तो ६७ टक्क्यांनी संमत झाला. मधल्या काळात आर्थिक अरिष्टही कोसळले होते. याला कोणी संवाद म्हणेल, कोणी हवे ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे म्हणेल. माझ्या मते त्यात दोन्हींचा अंश आहे. तरीही दुसऱ्यांदा विचारताना काहीतरी बदलावे लागले, एवढा मान त्या नकाराला मिळाला.

आपल्या मराठी जगाला असाच एक नकार १९६७ साली मिळाला होता. तो आपण कसा वाचला?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे, असे दोनच पर्याय होते. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळेपणासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. म्हणजे वैध मतांपैकी सुमारे ५५ टक्के मते नकाराची होती. आयर्लंडच्या पहिल्या नकारापेक्षा हा नकार अधिक ठाम होता.

राज्यकर्त्यांनी हा निकाल स्वीकारला. पुन्हा कौल झाला नाही. लोकांना मोकळेपणाने मत देता यावे म्हणून दयानंद बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधीच पायउतार झाले होते. पुढे दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले, त्यांनीच विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. त्यांनी बांदोडकरांना आणि विलीनीकरणाला दोन वेगळी उत्तरे दिली. इतका स्पष्ट खुलासा मतदार क्वचितच करतात.

आपल्या वाङ्मयीन जगाने मात्र हा खुलासा वाचला नाही. कोकणी ही मराठीची बोली, तेव्हा गोवा महाराष्ट्राचाच, हे अनुमान मतपेटीने मोडले, तरी त्यातील पहिले विधान आपण दीर्घकाळ तसेच घोकत राहिलो. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, तेव्हाही आपल्याकडे अनेकांना तो मराठीवरचा आघात वाटला. भाषा की बोली हा वाद भाषाविज्ञानात जरूर व्हावा. पण ‘तुम्ही जी बोलता ती भाषाच नव्हे’ हे कोणत्याही नकाराला उत्तर होऊ शकत नाही. ब्रुसेल्सने आयरिश मतदाराला त्याच्या शंका विचारल्या. आम्ही गोमंतकीयाला त्याच्या भाषेचे नाव शिकवू लागलो.

यातील विपर्यास असा की तो नकार मोठ्या प्रमाणात मराठीतच लिहिला गेला होता. विलीनीकरणविरोधाचे प्रमुख मुखपत्र ठरलेले मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होते. त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदरही मराठीत होते. मराठी वाचणाऱ्या माणसाला मराठीतच सांगितले गेले की महाराष्ट्रात जाऊ नये; त्याने ते वाचले, पटवून घेतले आणि मराठी वाचणे सोडलेही नाही. मराठी ही आपली आहे, पण महाराष्ट्राचे राज्य आपले असलेच पाहिजे असे नाही, हा त्याचा अर्थ होता.

विलीनीकरणाला मत देणारे १,३८,१७० जणही खरे होते. त्यांचे मराठीप्रेम उपरे नव्हते. देवळातील कीर्तनापासून शाळेतील पुस्तकापर्यंत ते रुजलेले होते. आपल्या हट्टाची सर्वांत मोठी किंमत त्यांनीच मोजली, असे मला वाटते. १९८७ साली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय वापराची मुभा तेवढी मिळाली. त्या वादात गोव्यातील मराठीच्या मागणीवर विलीनीकरणाची सावली सतत पडत राहिली. नकार आपण निःशंक मनाने मान्य केला असता, तर त्यांची मागणी कदाचित निव्वळ भाषेची मागणी म्हणून ऐकली गेली असती.

नाशिककरांना याची आठवण ठेवण्यास एक कारण आहे. त्या कौलाच्या तीन वर्षे आधी, १९६४ साली, मडगावला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष आपले कुसुमाग्रज होते. ते संमेलन मडगावला भरले हे जितके खरे, तितकेच ‘राष्ट्रमत’ही मडगावचेच होते हे खरे.

एम. ए. च्या वर्गात आपण बा. भ. बोरकर शिकवतो. त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९८१ साली, ‘सासाय’ या कोकणी संग्रहासाठी. पुढच्या वर्षी हा तास घेताना निदान एवढे एक वाक्य विद्यार्थ्यांना सांगावे. बोरकर त्यामुळे मराठीतून वजा होत नाहीत. आणि गोव्याने १९६७ साली काय म्हटले होते, ते समजायला तेवढे पुरेसे आहे.