सोपाऱ्याचा गाळ आणि गाळलेली माणसे

नालासोपाऱ्याच्या प्राचीन बंदराचे खुले संग्रहालय व्हावे, अशी मागणी अधूनमधून कानावर येते. व्हावेच. विरार लोकलची गर्दी एवढीच ज्या गावाची ओळख उरली, ते कधीकाळी पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते, हे लोकांना कळायलाच हवे. माझे भांडण संग्रहालयाशी नाही. त्यात कोणाला जागा मिळणार, याच्याशी आहे.

नाशिककराला सोपाऱ्याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर आपल्याच पांडवलेण्यात कोरलेले आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन म्हणजे आपला नाशिकचा परिसर, भरुकच्छ म्हणजे भडोच, शिवाय दशपूर आणि शूर्पारक, या चार ठिकाणी वाटसरूंसाठी निवारे बांधल्याचे तो सांगतो. शूर्पारक म्हणजे सोपारा. दमणा, तापी, दहाणुका अशा नद्यांवर फुकट नावांची सोय केल्याचेही त्यात आहे. हा उषवदात शक होता. सतरावे लेणे दान देणारा इंद्राग्निदत्त स्वतःला यवन म्हणवतो. आज या दोघांना कोणी घुसखोर म्हणत नाही. आपल्या शहराचा वारसा म्हणूनच आपण ती लेणी पाहुण्यांना दाखवतो. योग्यच आहे.

आता सोपाऱ्याकडे वळू. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला बुरूड राजाचा कोट खणला आणि आत बौद्ध स्तूप सापडला. दगडी पेटीत करंडक, बुद्धांच्या धातूच्या मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी सहली काढत. आपण ते सोडून धर्मयात्रा सुरू केली, ज्यात साधूंना, वृद्धांना आणि खेड्यापाड्यातल्या माणसांना भेटायचे असते. ज्या मातीत हा लेख सापडला, तिथे पर्यटनाच्या नावाने सेल्फी पॉइंट, कारंजे आणि सिमेंटची कमान उभी राहिली, तर त्यासारखी थट्टा नाही.

पण खरी भीती वेगळी आहे. सोपाऱ्याची गोष्ट अशोक आणि सातवाहनांपाशी सुरू होईल आणि तिथेच संपेल. इथला समुद्र मात्र तिथे संपला नव्हता. दहाव्या शतकातले अरब लेखक या किनाऱ्यावरची सिंदान, सुबारा, सैमूर ही शहरे नोंदवतात. म्हणजे आपले संजाण, सोपारा आणि चौल. अल मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, चौलला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात आणि राजाने त्यांच्यातलाच एक माणूस त्यांचा प्रमुख नेमला आहे, असे तो लिहितो. तो राजा शिलाहार होता.

याहून मोठा पुरावा डहाणू तालुक्यातल्या चिंचणीच्या ताम्रपटात आहे. शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६. राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, सोपवला होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे येते. मूळ नाव मोहम्मद असावे, असे अभ्यासक मानतात. या मधुमतीने काय केले? नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या. भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र घातले. आणि देवीच्या मठिकेला जमीन देण्यास संमती दिली. शक उषवदाताने दहाणुकेवर नाव सोडली, त्यानंतर जवळपास आठशे वर्षांनी त्याच किनाऱ्यावर एका मुसलमान अधिकाऱ्याने तेच पुण्यकर्म केले. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकाला याहून चांगला धडा कुठे मिळणार?

आपल्याकडे मुसलमान म्हटला की तो खैबरखिंडीतून, हातात तलवार घेऊनच आला, असे शिकवले जाते. तलवार घेऊन आलेलेही होते, ते कोणी नाकारत नाही. पण कोकणात तो त्याआधी गलबतातून आला, खजूर आणि घोडे घेऊन, हिशेबाची वही घेऊन. बंदराच्या संग्रहालयातून हे वगळले, तर ते बंदराचे संग्रहालय राहत नाही. परक्यांशिवाय बंदर असते का?

म्हणून मागण्या साध्या आहेत. आधी स्तूपाभोवतीची आणि तळ्यांकाठची मोकळी जागा वाचवा, मग तिकीटघर बांधा. जुन्या खाडीची वाट जमिनीवर आखून दाखवा. मूळ वस्तू मुंबईत आहेत, त्यांच्या अचूक प्रतिकृती इथे ठेवा. अशोकाचा लेख, उषवदाताचा लेख आणि चिंचणीचा ताम्रपट शेजारी शेजारी मांडा. शाळेतल्या पोराला कळेल अशा मराठीत.

माझ्या समाजालाही दोन शब्द. आपला वारसा दर्ग्याच्या चौथऱ्यापाशी सुरू होतो आणि इस्लामपूर्व काळाशी आपला संबंध नाही, ही समजूत सोडा. ती समजूत आणि आपल्याला उपरे ठरवणाऱ्यांची समजूत एकच आहे. पांडवलेण्यात पोरांना घेऊन जा. तो लेख त्यांचाही आहे.

चिंचणीजवळ वाढवण इथे ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे नवे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे मच्छीमार पोटासाठी त्याविरुद्ध लढत आहेत. या किनाऱ्यावर नाव चालवणारे हात पिढ्यानपिढ्या त्यांचे आहेत. जुन्या बंदराच्या फलकावर त्यांचा गौरव लिहायचा आणि नव्या बंदरासाठी त्यांना हटवायचे, असे होणार असेल, तर संग्रहालयाचे नाव काढू नका. सोपाऱ्याची खाडी गाळाने बुजली. तिथून येणाऱ्याजाणाऱ्या माणसांची नावे मात्र आपण आपल्या हाताने बुजवत आहोत.