ग्रंथपालाच्या हाती नवी लेखणी

मावळातील सुदुंबरे हे गाव संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. तुकोबांच्या या टाळकऱ्याने त्यांचे अभंग वह्यांत उतरवून ठेवले. त्याच वह्यांच्या आधारे विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी गाथा छापून प्रसिद्ध केली. 1893 साली ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करण्यात पुढाकार घेणारे भावे ते हेच. शब्द टिकवावयाचा तर काळाने पुढे ठेवलेले साधन हस्तगत करावे लागते. संताजींनी लेखणी हाती धरली, भाव्यांनी छापखाना. आता महाजालाचे साधन आत्मसात करण्याची पाळी गावोगावच्या ग्रंथपालावर आली आहे.

साधनांची वाण नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली खास ग्रंथालयांसाठीच तयार केली आहे. 'कोहा' ही प्रणाली तर विनामूल्य मिळते; आणि तिचा जन्म एखाद्या बलाढ्य विद्यापीठात नव्हे, तर 2000 साली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण जिल्ह्याच्या ग्रंथालयात झाला. तेव्हा ही साधने शहरांपुरतीच आहेत, हा समज निराधार ठरतो.

खरी अडचण अगदी प्राथमिक आहे. अनेक ठिकाणी ग्रंथांच्या याद्या जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात संगणकावर चढविल्या गेल्या. त्या टंकात अक्षर देवनागरी दिसते. यंत्राच्या लेखी मात्र ते रोमनच असते. तो टंक नसलेल्या संगणकावर सारी यादी निरर्थक चिन्हांची रास होते, आणि महाजालावर शोधणाऱ्याला ती सापडतच नाही. युनिकोडने हा प्रश्न सोडविला असला, तरी जुनी यादी नव्या लिपीसंकेतात आणून ती दाखल नोंदवहीशी ताडून पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते.

आणि हा माणूस कोण? 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयाचा तो सेवक. खेड्यातील लहान ग्रंथालयात देवघेव, वर्गणी, झाडलोट आणि हिशेब ही सारी कामे बहुधा तोच पाहतो. पत्की आणि प्रभा राव समित्यांनंतरही त्याच्या वेतनश्रेणीचा प्रश्न सुटलेला नाही. 2022 साली शासनाने अनुदानात 60 टक्के वाढ केली, हे स्वागतार्हच होते. परंतु त्याच अनुदानातून पुस्तके, नियतकालिके, वीजबिल आणि वेतन भागवावयाचे असते. अशा माणसाला एका दिवसाच्या शिबिरात पडद्यावर चित्रे दाखवून 'प्रशिक्षित' ठरविणे म्हणजे त्याची आणि शासनाचीही फसवणूक होय.

यातून मार्ग आहे, आणि तो फारसा खर्चिकही नाही. प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, आठवड्यातून एक दिवस याप्रमाणे काही महिने चालावे. सेवकाने स्वतःची नोंदवही बरोबर आणावी आणि तीवरच हात बसवावा. या काळाचा भत्ता अनुदानाबाहेरून द्यावा. सर्वत्र आढळणाऱ्या ग्रंथाची नोंद प्रत्येकाने नव्याने करण्याचे कारण नाही. एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला तयार घेता येते. गावोगावच्या सेवकांनी आपले श्रम अन्यत्र नसलेल्या सामग्रीसाठी राखावेत: स्थानिक स्मरणिका, दिंड्यांच्या अभंगांच्या चोपड्या, शाळांची जुनी हस्तलिखिते.

वाचकच घटला असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे विचारले जाते. परंतु जे पुस्तक ग्रंथालयात आहे हेच कोणाला कळत नाही, त्याला वाचक मिळणार कसा? इंद्रायणीकाठच्या ग्रंथालयातील दुर्मिळ चोपडीची नोंद नागपूरच्या विद्यार्थ्याला दिसली, तर तिचा एक वाचक वाढेल. ती नोंद करणाऱ्या हाताला शिक्षण आणि पुरेसे वेतन देणे, हे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करणाऱ्या राज्याचे कर्तव्यच आहे.